खालची मूठ

फादर आणि इमामसाहेब एकाच मोटारसायकलवरून आले, तेव्हा भुश्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. गाडी फादर चालवत होते. इमामसाहेब मागे बसून दोन्ही हातांनी फादरांचा झगा घट्ट धरून होते. दोन वर्षांत गावानं असलं काही पाहिलं नव्हतं. गल्लीतली दारं आधी उघडली, मग कोण आलंय ते बघून एकेक करत लागली.

भुश्याचं खरं नाव गावाला आठवत नसे. बावीस वर्षं तो खड्ड्यात उभा राहून करवतीचं खालचं टोक ओढत आला होता. वरून पडणारा भुसा त्याच्या केसांत, कानांत, भुवयांत असा मुरला होता, की अंघोळ करून आला तरी तो नुकताच कामावरून आल्यासारखा दिसे. वरचं टोक धरणारा नदीपलीकडचा होता. ताडमाड उंच आणि मान पुढे काढून चालणारा, म्हणून त्याला उंट म्हणत. तो ओंडक्यावर उभा राहून रेघ बघायचा आणि करवत रेघेवर ठेवायचा. भुश्याला रेघ कधी दिसली नाही, त्याला दिसत ते उंटाचे तळवे. लोक म्हणत, उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, उंटाखालून हाकणारा हा एकच.

अशा करवतीची खालची मूठ वेगळी निघते. ओंडका ज्या आडव्या तुळयांवर ठेवलेला असतो, त्यांतल्या एकीशी काप आला की मूठ ठोकून काढायची, पातं वर ओढून घ्यायचं आणि तुळईपलीकडे पुन्हा घालायचं. जोडी जमली की पातं वरच्याच्या घरी राहायचं आणि ही मूठ खालच्याच्या घरी, असा रिवाज होता. म्हणजे एकानं दुसऱ्याला सोडून तिसऱ्याबरोबर काम धरायचं म्हटलं तरी धरता येऊ नये. लग्नातसुद्धा इतका बंदोबस्त नसतो.

दोन वर्षांपूर्वी दंगल झाली. नदीच्या अलीकडे सगळे मुसलमान, पलीकडे सगळे ख्रिस्ती. अलीकडची नऊ माणसं गेली, पलीकडची अकरा. त्यांत भुश्याचा पुतण्या होता आणि उंटाचा धाकटा भाऊ होता. पुलाच्या फळ्या कोणी जाळल्या यावर अजून एकमत नाही; दोन्ही बाजूंना एवढंच वाटतं, की जाळायच्याच होत्या तर आपण आधी जाळायला हव्या होत्या. तेव्हापासून नदीत पुलाचे नुसते दगडी खांब उभे होते. दवाखाना पलीकडे राहिला आणि बाजार अलीकडे. भुश्या वीटभट्टीवर विटा वाहायला जाऊ लागला. खालची मूठ दारामागच्या खुंटीला लटकत राहिली.

फादरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. पुलाला चाळीस फळ्या लागतात. शहरातल्या गिरणीतून आणल्या तर आठ दिवसांचं काम, पण गिरणी कोणाची आणि ट्रक कोणाचा इथूनच भांडण सुरू होतं. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, की चर्चच्या आवारातली दोन झाडं आणि मशिदीच्या आवारातली दोन झाडं पाडायची, आणि ती पुलाशेजारी, अलीकडच्या काठावरच्या जुन्या खड्ड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उंट आणि भुश्यानं कापायची. नदीला पाणी यायला दोन महिने होते.

"लोकांना आम्ही दोघं शंभर वेळा सांगून बसलो," इमामसाहेब म्हणाले. "आता सांगून होत नाही. तुम्ही दोघं करून दाखवा."

उंट काय म्हणतो, असं भुश्यानं विचारलं. फादर म्हणाले, तो म्हणतो मूठ कुठं आहे विचारा.

भुश्यानं बायकोकडे पाहिलं. मूठ आता फुटलीबिटली असेल, लाकूड वाळलं असेल, असं तो पुटपुटला. बायकोनं सूप खाली ठेवलं, दारामागून मूठ काढली आणि त्याच्या हातात दिली. लाकूड तुळतुळीत होतं. दर महिन्याला ती तिला तेल लावत आली होती. नवऱ्यानं विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी उंट गुडघाभर पाण्यातून आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं पातं होतं. दोन्ही काठांवर माणसं उभी होती आणि दोन्हीकडे चिडीचूप होतं. फादर आणि इमामसाहेब एका छत्रीखाली दोन खुर्च्या टाकून बसले होते. छत्री लहान असल्यानं दोघांचाही एकेक खांदा उन्हात होता.

"मूठ आणलीस?" उंट म्हणाला.

"आणली."

एवढंच झालं. भाऊ नाही, पुतण्या नाही, दोन वर्षं नाहीत. दोघांनी आधी खड्डा उपसला, ओंडका तुळयांवर चढवला, काजळीत भिजवलेली दोरी ताणून रेघ मारली. भुश्या खड्ड्यात उतरला. खड्डा त्याच्याच मापाचा होता. तो सरळ उभा राहिला, की ओंडक्याची खालची बाजू त्याच्या डोक्यावर वीतभर राही. करवत लागली. सुरुवातीचे दहा-वीस फेरे अडखळत गेले. मग उंटाचे हात आणि भुश्याचे हात पुन्हा एकमेकांना ओळखू लागले, आणि आवाज एकसारखा झाला. काठावरची माणसं नकळत एक पाऊल पुढे आली.

काप शेवटाला आला की ओंडक्याचे दोन्ही भाग दोरीनं आवळून बांधावे लागतात. नाही बांधले तर सुटलेला भाग कूस बदलतो आणि खड्ड्यात येतो. हे काम खालच्याचं, कारण मरायचं झालं तर त्यालाच मरायचं असतं. हातभर काप राहिला तशी करवत थांबली, भुश्यानं खालून दोरी टाकली, दोन वेढे दिले, गाठ मारली. उंटानं वाकून पाहिलंसुद्धा नाही. बावीस वर्षांत त्यानं ती गाठ एकदाही पाहिली नव्हती.

दुपारी दोघं सावलीत बसून जेवले. डोळे कसे आहेत, असं उंटानं विचारलं. भुश्या म्हणाला, दोन वर्षं भुसा नव्हता तेव्हा बरे होते, पण करायचं काय त्या बऱ्या डोळ्यांनी. उंट हसला. त्याला हसताना पाहून फादरांनी इमामसाहेबांना कोपरानं ढोसलं, आणि दोघं म्हातारे पोरांसारखे खूश झाले.

संध्याकाळी बायकोनं कोमट पाणी केलं, त्याला ओट्यावर बसवलं, मान मागे करायला लावली आणि चुळकाचुळकानं डोळे धुतले. हे ती लग्नापासून करत आली होती. दोन वर्षं हे काम नव्हतं. त्याच्या पापणीतून निघालेला भुशाचा बारीक कण तिनं बोटावर घेऊन पाहिला, आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिला भीती वाटली.

चार दिवसांत अकरा फळ्या झाल्या, सुतासारख्या सरळ.

पाचव्या दिवशी फोटो आला. कोणी काढला ते कळलं नाही. खड्ड्यात भुश्याचं भुशानं माखलेलं डोकं, आणि त्याच्या बरोबर वर उंटाचे दोन तळवे. पलीकडे कोणीतरी त्याखाली लिहिलं होतं, "ज्याची जागा त्याला." फोटो दिवसभरात दोन्ही गावांच्या प्रत्येक फोनवर पोचला. भुश्याचा मेहुणा चहाच्या दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत होता. मेहुण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण आताशा तो चहाच्या दुकानातच जास्त सापडे.

तो बहिणीकडे येऊन म्हणाला, "आपल्याच जमिनीवर आपल्या माणसाच्या डोक्यावर त्यांचे पाय, आणि याला म्हणे शांतता. दाजींना लाज नसेल, गावाला आहे."

बहिणीनं त्याला सांगितलं, की ते पाय बावीस वर्षं तिथंच आहेत आणि त्या पायांवर आपली चूल पेटली. पण मेहुण्याला चुलीशी काही देणंघेणं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी खड्ड्यात गटाराचं पाणी ओतलेलं सापडलं. सातव्या दिवशी इमामसाहेबांच्या मागे नमाजाला निम्मी माणसं नव्हती. पलीकडे फादरांच्या दारावर कोणीतरी डांबर फासलं. माझा पाय कोणाच्या डोक्यावर नाही, ओंडक्यावर आहे, असं उंट त्याच्या गावात सांगत सुटला. पण त्याच्या गावाला तो फोटो आवडला होता.

फादर आणि इमामसाहेब एक अख्खा दिवस मशिदीच्या मागच्या खोलीत बसले. दोघांनी आपापल्या बाजूच्या म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं, समजावलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी तोडगा निघाला. दर तासाला दोघांनी जागा बदलायची. एक तास उंट वर, एक तास भुश्या वर. घड्याळ फादरांचं, आणि वेळ झाली असं म्हणायचं इमामसाहेबांनी. हे दोन्ही गावांना पटलं. इतकं बरोबर निम्मंनिम्मं वाटलेलं कोणाला पटणार नाही?

पटलं नाही ते दोघांनाच. भुश्या म्हणाला, मी कधी वर चढलेलो नाही, मला रेघ धरता येत नाही. उंट म्हणाला, खड्डा याच्या मापाचा आहे, मला आत ओणवं राहावं लागेल. खड्डा खोल करू म्हटलं, तर खाली खडक होता.

"फळी वाकडी आली तरी चालेल," इमामसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "माणसं एवढे दिवस सरळ राहू देत."

भुश्या आणि उंटानं एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. दोघांनी माना डोलावल्या.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, की विहिणींचा मान राखायला पाळण्यातली पोरं बदलण्यातला हा प्रकार आहे.

पहिला दिवस हालात गेला. वर चढल्यावर भुश्या आधी पाय कुठं ठेवायचे तेच शोधत राहिला. दोन्ही काठांवरून लोक बघत होते. अलीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला त्या टाळ्यांची लाज वाटली. खाली उंट कमरेत वाकून, मान तिरकी करून ओढत होता, आणि भुसा त्याच्या डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात जात होता. फळी नागमोडी आली. जागा बदलली की उंट वर जाऊन ती सरळ करायला बघायचा, तेवढ्यात इमामसाहेब म्हणायचे, वेळ झाली. तीन दिवसांत चार फळ्या झाल्या आणि त्यांतल्या दोन जळणाच्या लायकीच्या होत्या. पण खड्ड्यात कोणी घाण ओतली नाही. नमाजाला माणसं परत आली. पुलाच्या कामावर दोन्हीकडचे चार-चार जण दगड लावायला आले, आणि त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे विडी मागितली. फादरांनी ही विडीची गोष्ट चार वेळा सांगितली.

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला भुश्या वर होता. ऊन सरळ ओंडक्यावर पडलं होतं, आणि रेघ लख्ख दिसत होती. आज त्याचा हात बसला होता. करवत रेघेवरून हलत नव्हती. बावीस वर्षं आपण ज्या रेघेखाली उभे होतो ती इतकी सरळ आणि इतकी सोपी असते, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. त्याला आनंद झाला होता. हे पुढे त्यानं बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या कोणाला नाही.

हातभर काप राहिला. मग वीतभर.

दोरी खालच्यानं बांधायची असते. खाली उंट होता. पण दोरी भुश्या बांधत असे, उंट नाही. उंटाच्या आयुष्यात ती नेहमी आपोआप बांधलेली असे. आणि भुश्या वर उभा राहून रेघ बघत होता, जसा वरचा बघतो. दोघांपैकी एकालाही दोरीची आठवण झाली नाही. ती खड्ड्याच्या कडेला वेटोळं करून नीट ठेवलेली होती.

काप संपला आणि ओंडक्याच्या अर्ध्या भागानं कूस बदलली. भुश्याच्या पायाखालून लाकूड सरकलं, तो कडेला मातीत पडला. खाली उंट सरळ उभा राहू शकत असता, तर बाजूला झाला असता. तो ओणवा होता. आवाज फार मोठा झाला नाही.

भुश्यानं खड्ड्यात उडी मारली. दगड लावणारे आठही जण धावले, अलीकडचे आणि पलीकडचे, आणि सगळ्यांनी मिळून ते लाकूड उचललं. त्या पुलासाठी दोन्ही गावांनी एकत्र केलेलं ते शेवटचं काम. उंटाची छाती दबली होती. भुश्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतला भुसा पुसला. उंट तेव्हाच गेलेला होता.

प्रेत पलीकडे न्यायला फादर आणि इमामसाहेब दोघं पाण्यात उतरले. पलीकडच्या काठावर लोक जमले होते. इमामसाहेब त्यांच्यासमोर ओल्या कपड्यांनी उभे राहिले आणि म्हणाले, की यात भुश्याचा दोष नाही, घड्याळ आम्ही लावलं, दोष आम्हा दोघांचा आहे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, वर कोण होता? इमामसाहेबांना खरं सांगावं लागलं. त्यानंतर काय सांगितलं ते कोणी ऐकलं नाही. तीन दिवसांनी अलीकडचा एक गुराखी नदीकाठी मेलेला सापडला, आणि मोजदाद पुन्हा सुरू झाली.

पलीकडच्यांनी भुश्याला खुनी म्हटलं, याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. ते त्यानं धरलंच होतं. न सोसवणारी गोष्ट अलीकडे घडली.

तो चहाच्या दुकानावरून जात होता. बाकावरची दोन माणसं उठली आणि त्याला बसायला जागा दिली. अशी जागा त्याला जन्मात कोणी दिली नव्हती. दुकानदारानं न मागता चहा ठेवला. मेहुणा त्याच्या खांद्यावर हात टाकून एका परगावच्या माणसाला म्हणाला, "हेच ते आमचे दाजी."

भुश्या म्हणाला, तो अपघात होता. दोरी बांधायची राहिली.

"हो हो," मेहुणा म्हणाला. "राहिली."

बाकावरचे सगळे हसले. प्रेमानं हसले. भुश्यानं पुन्हा सांगितलं, की गाठ मीच मारायचो, मी विसरलो. तेव्हा एकानं त्याची पाठ थोपटली, आणि असं उघड बोलू नका, भिंतीलाही कान असतात, असा सल्ला दिला. त्यानंतर तो जिथं जाईल तिथं हेच झालं. वीटभट्टीवर त्याला हलकं काम मिळालं. नळावर बायकोचा हंडा पुढे घेऊ लागले. ती हंडा मागे नेऊन रांगेत शेवटी उभी राहायची, तर बायका म्हणायच्या, बघा, गर्व नाही हो.

मशिदीच्या मंडळानं इमामसाहेबांना विश्रांती घ्यायला सांगितलं. फादरांची बदली झाली. जायच्या दिवशी सकाळी ते दोघं भुश्याकडे आले, पुन्हा त्याच मोटारसायकलवरून. या वेळी कोणी दारं लावली नाहीत. आता त्यांना घाबरायचं काही कारण उरलं नव्हतं. भुश्या दारामागची मूठ काढून तयार बसला होता. मला उंटाच्या बायकोकडे न्या, एवढंच तो म्हणाला.

पाणी चढू लागलं होतं, मांडीपर्यंत आलं होतं. तिघं एकमेकांचे हात धरून पलीकडे गेले. सकाळची वेळ होती आणि फादर पुढे होते म्हणून कोणी दगड मारला नाही. माणसं फक्त घरात गेली.

उंटाची बायको पायरीवर बसली होती. तिनं खुर्च्या आणल्या नाहीत, बसा म्हटलं नाही. करवतीचं पातं तिच्या मागे भिंतीला टेकलेलं होतं, त्याच्यावर गंज धरू लागला होता.

"दोरी कोणी बांधायची होती?" तिनं विचारलं.

फादर बोलायला लागले, की वहिनी, त्या दिवशी आम्हीच. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी," भुश्या म्हणाला. "बावीस वर्षं मीच बांधायचो, वहिनी."

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. ते म्हणायचे, खाली तो असला की मला दोरी बघावी लागत नाही."

भुश्यानं मूठ पुढे केली. ती तिनं घेतली, हातात फिरवून पाहिली, तिचा गुळगुळीतपणा बोटानं तपासला. कोणी तेल लावत होतं, हे तिला कळलं असावं. मग ती आत गेली आणि तिनं मूठ चुलीत घातली. तेल प्यायलेलं लाकूड लगेच पेटलं. ती बाहेर आली नाही. तिघं थोडा वेळ पायरीशी उभे राहिले आणि परत फिरले.

अलीकडच्या काठाला आल्यावर फादर आणि इमामसाहेबांनी एकमेकांचा निरोप घेतला. फादरांनी हातातलं घड्याळ काढून इमामसाहेबांना देऊ केलं. इमामसाहेबांनी ते घेतलं नाही. फादरांनी मग ते नदीतही टाकलं नाही, पुन्हा मनगटावर बांधलं, कारण त्यांना दुपारची गाडी पकडायची होती.

आठवड्यात नदी भरली. खड्डा पाण्यानं भरला. फळ्या काठावर रचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या काही वाहून गेल्या, काही अलीकडच्यांनी नेल्या. मेहुण्यानं त्यांतल्या दोन सरळ फळ्यांचा चहाच्या दुकानासाठी नवा बाक केला, आणि भुश्याला तिथं येऊन बसायचा फार आग्रह केला.

भुश्या विटा वाहून घरी आला, ओट्यावर बसला आणि त्यानं मान मागे केली. बायकोनं त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या.

"काही नाही आत," ती म्हणाली.

"तरी धू."

तिनं पाणी कोमट केलं आणि चुळकाचुळकानं त्याचे डोळे धुतले, पाणी संपेपर्यंत. दारामागची खुंटी रिकामी होती. तिच्यावर तिनं पुढे काही अडकवलं नाही.